देवाच्या दक्षिणेला

लातूर, ४ ऑगस्ट २०२४

वीरेश,

‘चिरंजीव’ लिहायला पेन टेकवलं आणि हात तिथंच थांबला. उभा जन्म मुलांना पत्रलेखन शिकवण्यात गेला माझा. मायना कुठं, तारीख कोणत्या कोपऱ्यात, ‘कळावे’ कधी लिहायचं. पण गेलेल्या लेकाला मायना काय लिहायचा, हे कोणत्याच इयत्तेला नव्हतं. म्हणून नुसतं वीरेश.

मेलेल्या माणसाला इथलं किती कळतं ते मला माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. ठाऊक असलं तरी ऐकून घे.

मागच्या वर्षी मे महिन्यात तुझी गाडी तिथल्या ओल्या रस्त्यावरून घसरली. आयर्लंडच्या पार पश्चिमेच्या टोकाला, तुझ्या बायकोच्या गावात. आम्ही इकडं पासपोर्ट, विमान, कुणाला विचारावं ह्याच्यातच होतो, तोवर तिनं तुला तिथल्या मातीत ठेवलंसुद्धा. तुझे आप्पा फोनवर ओरडून राहिले होते, “आमचं लेकरू आमच्याकडं पाठवा,” आणि ती पलीकडून रडत इंग्रजीत काहीतरी सांगत होती. कुणाचं कुणाला कळलं नाही. त्या दिवसापासून आप्पांनी तिचा फोन घेतला नाही. घरात तिचं नावही निघत नाही. ‘ती बाई’ म्हणतात.

परवा तिनं तुझ्या बहिणीला, अक्षराला, एक फोटो पाठवला आणि अक्षरानं नांदेडहून तो मला पाठवला. तुझ्या उशाशी दगड उभा केलाय. राखाडी दगड, मागं बुटकी भिंत, भिंतीमागं समुद्र. दगडावर तुझं नाव इंग्रजीत. त्याच्याखाली एक ओळ आहे, ती इंग्रजी नाही. अक्षरं लांबून रोमन वाटतात, पण जवळून बघावं तर एकेकाचं वळण वेगळं. काहींच्या डोक्यावर टिंब, आपल्या अनुस्वारासारखं. मी बोटांनी मोठं करून करून बघितलं. शेवटचा शब्द तेवढा लागला. अनाम.

आप्पा दुकानातून आले होते, चप्पलही काढली नव्हती. त्यांना दाखवलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, “वर नाव कोरलं आन् खाली अनाम? म्हंजे आमचं लेकरू बिननावाचं?”

अक्षरा फोनवर म्हणाली, “अव्वा, वहिनीला विचार ना सरळ. एका मिनिटाचं काम आहे. नाहीतर मी शोधून सांगते.”

मी दोन्हीला नको म्हणाले. तिला का नको म्हणाले ते सांगितलं नाही, तुला सांगते. तुझ्या बायकोशी बोलायला लागले तर मला आणखी एक गोष्ट विचारावी लागेल. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. तू तिथं आडवा निजला आहेस हे मी कसंबसं गिळलं. पण तुझ्या हातात लिंग होतं का रे? हे मी आप्पांनाही विचारलेलं नाही. ते मला विचारतील ह्या भीतीनं त्यांच्यासमोर तुझा विषयच काढत नाही.

ती भाषा आयरिश म्हणे. मोबाइलवर शिकता येते. अक्षराला म्हटलं, माझ्या मोबाइलवर ते कसं घालायचं सांग.

अव्वा


लातूर, २२ सप्टेंबर २०२४

वीरेश,

दुपारी जेवणं झाली की गंजगोलाईची सगळी बाजारपेठ पेंगायला लागते. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, हमाल पोत्यांवर आडवे होतात. आप्पा वरच्या खोलीत येऊन पडतात. तेव्हा मी खिडकीत बसून त्या मोबाइलमधल्या बाईचा आवाज ऐकते. ती एक शब्द म्हणते, मी तिच्यामागं म्हणते. कधी डुलकी लागते, तरी ती म्हणतच असते, आणि स्वप्नातले लोक तिच्या भाषेत बोलायला लागतात. स्वप्नात मला सगळं समजतं. जाग आली की पुन्हा पहिलीचा वर्ग.

पहिल्याच दिवशी काय झालं सांगू? चित्रात एक आई होती. त्या बाईनं आईला म्हटलं, “माहेर.”

मी मोबाइल खाली ठेवला. पुन्हा उचलून ऐकलं. माहेर. त्यांच्यात आईलाच माहेर म्हणतात.

मला माझ्या लग्नाचं वर्ष आठवलं. बीदरकडून आले तेव्हा मला मराठीतलं ‘ये’ आणि ‘बस’ एवढंच येत होतं. तुझी आज्जी एकेक भांडं उचलून दाखवायची आणि नाव सांगायची. मी मनात कन्नड म्हणायची, तोंडानं मराठी. कमलम्माची कमलबाई झाले, मग बाई झाले, मग मराठीच्या बाई झाले. पण पहिल्या महिन्यात जो एक शब्द कुणी न शिकवता आला, तो माहेर.

मागच्या गल्लीतले सिद्धलिंग सर तुला आठवतात ना? संस्कृत शिकवायचे. आता गुडघ्यांनी घरी बसवलंय, पण जाडजूड कोश अजून मांडीवर असतो. त्यांच्याकडं गेले. ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, “आयरिश म्हणजे संस्कृतचीच लेक की!” मी घरी आले. दोन दिवसांनी काठी टेकत स्वतः जिना चढून आले. पहिलं वाक्य, “बाई, चुकलो. लेक नाही, बहीण.”

मग बसून सांगितलं. म्हणाले, दोघींची आई एकच. पण ती आई कुणी बघितलेली नाही, तिचं लिहिलेलं एक अक्षर उरलेलं नाही. लेकी दूर दूर नांदायला गेल्या आणि त्यांच्या तोंडावळ्यावरून आई कशी दिसत असेल ते ओळखायचं. “आपल्या माहेरात मातृ आहे, मातृगृह. त्यांच्या आईतही तीच मातृ. घर तेवढं आपण जोडलं.”

आता मी रोज त्यांना एक शब्द नेऊन देते आणि ते कोश उघडतात. त्यांचा वीर आहे, पण वाट चुकून ‘फॅर’ झालाय, त्याचा अर्थ नुसता पुरुष. तुझ्या नावातला वीर रे. एक मजेची गोष्ट अशी की त्या भाषेतून फार जुन्या काळी ‘प’ गळून गेला. पितर होता, त्याचा ‘आहिर’ झाला. पूर्ण होतं, त्याचं ‘लान’ झालं. पक्ष्याला ते ‘एन’ म्हणतात. सर म्हणाले, तो आपल्या ‘पत्र’चा भाऊबंद, पत् म्हणजे उडणं. पत्र म्हणजे आधी पंख, मग पान, मग कागद. मी घरी येताना वाटभर तोंडातल्या तोंडात शब्दांतला प काढून बघत होते. एक अक्षर जातं आणि शब्द तरीही चालत राहतो. वाकडा होतो, ओळखू येत नाही, पण चालतो.

सकाळी भाकरी थापताना आकडे म्हणते. आ हेन, आ दो, आ त्री. आप्पा एकदा दारातून म्हणाले, “काय मंत्र म्हणून राहिलीस?”

“दहापर्यंत मोजते.”

“म्हन बरं.”

मी म्हटले. दोनला मान हलवली, तीनला हलवली, “शॅख्त, होख्त” ला थांबले. “सात, आठ,” मी सांगितलं. म्हणाले, “हाव, सप्त, अष्ट. कळतंय की.” आणि दुकानात गेले. पण दुसऱ्या दिवशी शटर उचलताना ते “आ हेन, आ दो” म्हणत होते असं शेजारचा सोनार सांगत होता.

खरी बातमी मागं ठेवली होती. दगडावरचा तो शब्द अनाम नाही. अनम. अनम म्हणजे जीव. सरांनी कोशात ‘अन्’ दाखवला, श्वास घेणे. आपल्या ‘प्राण’ शब्दात तोच आहे, पुढं ‘प्र’ लागलेला. म्हणजे त्यांनी तुला बिननावाचं म्हटलेलं नाही. तुझ्या जिवाविषयी काहीतरी म्हटलंय.

आप्पांना सांगितलं. चहा घेत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, “आन् बाकीचं?”

म्हटलं, बाकीचं अजून यायचंय.

अव्वा


नांदेड, ७ डिसेंबर २०२४

वीरेश,

आम्ही दोघं आठवड्यापासून अक्षराकडं आहोत. आज तिनं आम्हाला सहस्रकुंडला नेलं. इस्लापूरच्या पुढं वळलो की आधी आवाज येतो, मग गारवा, आणि मग काळ्या खडकांवरून पडणारी पैनगंगा. डिसेंबरातही बरंच पाणी होतं. धारांमधून ऊन जाऊन सगळी हवा पांढरी झाली होती. समोरचा माणूस धूसर दिसायचा.

आप्पांनी विचारलं, “पाण्याला काय म्हणतात गं तुझ्या त्या भाषेत?”

“इश्क्य.”

“इश्क?” किती दिवसांनी हसले. “पाण्याला इश्क म्हणतात व्हय? म्हंजे निजामाच्या दरबारातली माणसं हायत ही!”

मी सरांचं वाक्य सांगितलं. सारखं ऐकू येतं ते नातं असेलच असं नाही, आणि नातं असतं ते सारखं ऐकू येईलच असं नाही. त्यांचं इश्क्य आपल्या उदकाच्या घरातलं आहे, इश्काशी त्याचा काही संबंध नाही. आप्पा म्हणाले, “आसंल. पन मला माझं बरं वाटतंय.”

ते आणि अक्षरा खाली पायऱ्यांकडं गेले. मी एका सपाट खडकावर शाल पांघरून बसून राहिले. पाण्याचा आवाज ऐकता ऐकता माझ्या तोंडून ‘नीरु’ निघून गेलं. माझ्या आईचा शब्द. तो आयरिशमध्ये कुठंच नाही, मी शोधला होता. कन्नडचं घरच वेगळं. पण सर सांगत होते की संस्कृतातला ‘नीर’ आमच्याकडून तिकडं गेला असं जाणकार म्हणतात. गेला आणि असा मुरला की आरत्यांत बसला, अभंगांत बसला. आता त्याला कोण म्हणेल, तू रक्ताचा नाहीस म्हणून? मीही ह्या घरात तशीच आले. आणि तुझी बायको? मनात आलं आणि मी ते तिथंच पाण्यात सोडून दिलं.

डोळा कधी लागला कळलं नाही. समुद्राकाठची भिंत दिसली. तू पाठमोरा बसला होतास, बसलेला, आडवा नाही, आणि वाऱ्यानं तुझा सदरा फुगला होता. मी हाक मारत होते, पण हाकेतलं एक अक्षर गळालं होतं आणि ती तुझ्यापर्यंत जात नव्हती. तू मात्र मान हलवत होतास, ऐकू येतंय अशी. मग अक्षरानं खांद्याला हात लावला.

तिथंच आप्पांनी पुन्हा विचारलं, “ती ओळ लागली का?”

लागली होती. डोक्यावरचं टिंब म्हणजे ‘ह’, हे मला महिनाभरानं कळलं होतं. तेवढं कळल्यावर बाकीची अक्षरं जुळत गेली. मी मोबाइल काढून एकेक शब्द बोटानं दाखवला. हा देव. हा असो. हा त्याचा. हा जीव. आणि हा सुरुवातीचा, ‘द्यास’ ह्या शब्दाचंच एक रूप. हा मी सकाळीच सरांना फोनवर विचारला होता. ते म्हणाले, “दक्षिण. शंभर टक्के दक्षिण,” आणि आणखी काही सांगणार तोवर फोन तुटला.

“म्हणजे काय झालं?” आप्पांनी विचारलं.

“देवाच्या दक्षिणेला त्याचा जीव असो.”

बोलताना माझ्याच लक्षात आलं. आप्पांचा चेहरा पाण्याच्या तुषारांनी ओला होता, तो तसाच राहिला.

“दक्षिणेला? यमाच्या दारात?” ते म्हणाले. “पोरगं तर तिकडंच ठिवलं, वरून दिशा बी यमाची?”

 येताना हिमायतनगरला अक्षरानं चहा विचारला, त्यांनी हातानंच नको म्हटलं. घरी आल्यावर पाय धुतले, खुर्चीत बसले आणि अक्षराला म्हणाले, “उद्या लाव फोन त्या बाईला. मी बोलनार हाय.”

अव्वा


नांदेड, ८ डिसेंबर २०२४

वीरेश,

दुपारी फोन लागला. अक्षरानं समोर मोबाइल उभा केला, म्हणजे तिचा चेहरा दिसत होता. वाळली आहे रे फार. केस कापलेत. तिकडं नुकतं उजाडत होतं, तिच्यामागं खिडकी निळी दिसत होती.

आप्पांनी नमस्कार नाही, काही नाही. मराठीतच, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, “दगडावर दक्षिण का लिवलं?”

अक्षरानं इंग्रजीत सांगितलं. तिला आधी काही कळेना. मग कळलं तशी ती पुढं वाकली, उजवा हात वर केला आणि म्हणाली, “नो, नो. उजवा. उजवा.”

वीरेश, ‘उजवा’ हे तिनं मराठीत म्हटलं. मी आणि अक्षरानं एकमेकींकडं बघितलं. अक्षरानं विचारलं, हे कुठून शिकलीस? तर म्हणाली, गाडीत. ती गाडी चालवायची आणि तू शेजारी बसून रस्ता सांगायचास, डावा, उजवा, सरळ. मराठीतलं तिला तेवढंच येतं. डावा, उजवा, सरळ, आणि सावकाश.

मग तिनं समजावलं आणि अक्षरा सांगत गेली. त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द. उगवतीला तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो, म्हणून. माणूस गेला की सगळ्यांच्याच दगडावर ही ओळ लिहितात. देवाच्या उजव्या हाताला त्याचा जीव असो. मानाची जागा ती.

आप्पा बसल्या जागी उगवतीकडं वळले. उजवा हात उचलून बघितला. म्हणाले, “परदक्षणा घालताना देव उजव्या हाताला ठिवतो, तसं?”

अक्षराला ‘प्रदक्षिणा’ इंग्रजीत सांगता येईना. पण मी म्हटलं, “हो, तसंच.” जन्मभर हा शब्द बोललो आपण. त्यातली दक्षिण कधी दिसली नव्हती.

आप्पा उठून खिडकीपाशी गेले. म्हटलं, आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही. मी मोबाइल हातात घेतला आणि तिला नावानं हाक मारली. आपण सगळे तिला ‘ब्रिड’ म्हणत आलो. शेवटचा तो ‘ड’ तिथं तसा नसतो, हे त्या मोबाइलमधल्या बाईनं मला कधीचं शिकवलं होतं. मी म्हटलं, “ब्रीज.”

तिनं तोंडावर हात धरला. म्हणाली, तुमच्या घरात असं फक्त वीरेश म्हणायचा.

मग अक्षरामार्फत मी विचारलं. त्याच्या डाव्या हातात लिंग होतं का?

तिनं खरं सांगितलं, वीरेश. खोटं सांगून मला बरं वाटवता आलं असतं, पण नाही. म्हणाली, तू गळ्यात घालत नव्हतास, किती वर्षांपासून. लिंगाची चांदीची डबी कपाटात होती. आज्जी गेल्याचा फोन आला त्या दिवशी तू ती काढलीस आणि हातावर घेऊन समुद्राकडं तोंड करून बसलास, ते तिनं दारातून बघितलं होतं. कोणता हात तेही बघून ठेवलं होतं. म्हणून तू गेल्यावर तिनं ते तुझ्या डाव्या हातात ठेवलं आणि बोटं मिटवली. मंत्र येत नव्हता, तर त्यांच्यातली एक प्रार्थना म्हटली. बसवता येईल का हेही विचारलं होतं म्हणे तिथल्या लोकांना. ते नाही म्हणाले.

“पाठवायला मला जमलं असतं,” ती म्हणाली. “पण तो मला सोडवेना. माझं तेवढं चुकलं.”

खिडकीपाशी आप्पांचे खांदे हलत होते. पाठ आमच्याकडंच होती. तसेच म्हणाले, “तिला म्हनावं, चुकलं न्हाई.” अक्षराला बोलवेना, म्हणून मी सांगितलं. त्यांच्यात दुःख होत नाही, वाटत नाही, ते माणसाच्या अंगावर असतं. “त ब्रोन ओर्म.” माझ्यावर दुःख आहे. मी म्हटलं, “त ब्रोन ओरिन.” आमच्यावर. तिच्यावर, माझ्यावर, ह्यांच्यावर, मिळून एकच.

तिला समजलं. माझा उच्चार वाईट असेल, पण समजलं.

अव्वा


लातूर, १६ फेब्रुवारी २०२५

वीरेश,

ती आली. आप्पा स्वतः स्टेशनावर गेले होते. रिक्षातून उतरली ती डोक्यावरून ओढणी घेऊन, कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. दारात मी भाकरतुकडा ओवाळला. तिला शिंकच आली. आप्पा म्हणाले, “शुभ हाय, ये आत.”

सिद्धलिंग सर मुद्दाम भेटायला आले. तिच्या नावाचं मूळ शोधून आणलं होतं. ब्रीज म्हणजे आपली बृहती, थोर, उंच. ती पाच फूटही नाही. सगळे हसलो. ती आल्यापासून घरात चार भाषा चालल्यात आणि भाजीत मीठ कुणी घातलं ते कुणालाच सांगता येत नाही.

तुझ्या खोलीत झोपते. दुपारी मी खिडकीत पेंगते तेव्हा ती शेजारी बसून पुस्तक वाचते, आणि मोबाइलमधल्या बाईऐवजी आता तिचा आवाज माझ्या झोपेत येतो.

अव्वा


लातूर, २ मार्च २०२५

वीरेश,

हे लिहायला मी दहा दिवस टाळाटाळ केली.

आम्ही दोघी गच्चीवर शेंगा फोडत बसलो होतो. ऊन कलतीला लागलं होतं, खालून भांड्यांचे आवाज येत होते. बराच वेळ ती एकच शेंग हातात फिरवत होती. मग इंग्रजी नाही, मराठी नाही, तिच्या भाषेत हळूच म्हणाली, “अन् विल क्याद अगम?”

हे वाक्य मला येत होतं. माझ्यापाशी परवानगी आहे का. ती शिकवते त्या शाळेत पोरांना बाहेर जायचं असलं की हेच विचारतात म्हणे. मी म्हटलं, “कुठं जायचंय बाई?”

तिनं मान खाली घातली. तिच्या गावात एक माणूस आहे. मेंढरं राखतो. तू गेल्यावर वर्षभर तिच्या दारात जळण आणून टाकायचा, आत कधी आला नाही. आता त्यानं विचारलंय. तिनं उत्तर दिलेलं नाही. आधी इथं यावं असं तिला वाटलं.

मी लगेच बोलले असं तुला वाटू नये. त्या भाषेत ‘हो’ नाही, वीरेश. ‘नाही’ही नाही. जे क्रियापद विचारलं, तेच परत द्यावं लागतं. आहे का विचारलं, तर आहे म्हणा, नाहीतर नाहीये म्हणा. मान डोलवून सुटका नाही. मी टोपलं उचललं आणि खाली आले. तिला तिथंच बसवून आले. तुझ्या खोलीत जाऊन तुझ्या शर्टांची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मला राग आला होता. तिचा नाही. त्या उन्हाचा, त्या शेंगांचा, सगळं चालू आहे ह्याचा.

सकाळी आप्पांना सांगितलं. वाटलं, पुन्हा ‘ती बाई’ सुरू होईल. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “उडकी आपल्यात आजची हाय का? माझ्या आत्याची झाली व्हती. लई चांगला संसार झाला.” उडकी म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, हे तिला पुढं मी समजावलं. मग वस्तरा धुऊन, “काय करतो त्यो?”

“मेंढरं राखतो.”

“मंग बरं हाय. मेंढरवाला दिवस बुडायच्या आत घरला येतो.” तोंड पुसलं. टॉवेल तसाच चेहऱ्यावर धरून म्हणाले, “गाडी चालवत आसंल तर सावकाश चालव म्हनावं.”

मी गच्चीवर गेले. ती केस वाळवत उभी होती. मी म्हटलं, “त.”

एवढंच. त म्हणजे आहे. सर म्हणाले होते, आपल्या ‘स्था’च्या घरातला शब्द तो, उभं राहणं. ती माझ्या गळ्यात पडली नाही. तिथंच कठड्याला धरून उभी राहिली आणि मी तिच्याशेजारी उभी राहिले, खाली गोलाईत दुकानं उघडेपर्यंत.

परवा निघाली. मी ओटी भरली. आप्पांनी एका पिशवीत टॉवेल-टोपी आणली होती, आहेराची. पांढरी टोपी, कडक. “त्येला दे,” म्हणाले. तिनं विचारलं, माप बरोबर असेल का? आप्पांनी तिच्या ओंजळीत पिशवी दाबून म्हटलं, “टोपी बसंल. न्हाई बसली तर पुढच्या खेपंला त्यालाच घिऊन ये, बदलून दिऊ.”

तुला विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं का? गच्चीवरून खाली आले त्या दिवशी तुझा फोटो भिंतीवर होता, मी बघितलंसुद्धा. पण तुझ्याकडून ‘आहे’ किंवा ‘नाही’ येणार नव्हतं, आणि ती पोर वर उन्हात उभी होती. म्हणून तुझं उत्तर मीच दिलं. चुकलं असेल तर माझ्याशी भांड. स्वप्नात ये आणि भांड.

आत्ता दुपार आहे. आप्पा दुकानातून तीनदा वर येऊन विचारून गेले, “पोचली का?” मी म्हटलं, अजून नाही. आता मोबाइल वाजला. समुद्राकाठची भिंत, ओलं गवत, कुणाच्या तरी मेंढरांच्या पाठी, आणि खाली तिनं मोडक्या मराठीत एक शब्द लिहिलाय.

जिन्यावर आप्पांच्या चपला वाजून राहिल्यात. दारातूनच विचारतील. मी तिचाच शब्द सांगणार आहे, पोचली.

अव्वा